गाण्यांची यादी

एप्रिलमधला शेवटचा शनिवार. नेहमीसारखा कसारा लोकलने आसनगावला उतरलो, शहापूरला एसटी पकडली आणि डोळखांबला घरी पोचलो. हातपाय धुवून होतायत न होतायत तोच चुलत भाऊ कागद घेऊन हजर. "दादा, अर्ज लिहायचाय. तुझं मराठी सरकारी येतं."

आमच्याकडच्या पोरांनी एक कलापथक काढलंय. हा शब्द त्यांचाच. मी आपला 'बँड' म्हणून मोकळा झालो असतो. एक ढोलकी, एक हलगी, कुणाच्या तरी मामाचा जुना कॅसिओ, तीन गाणारे आणि गाणी लिहिणारा हा माझा चुलत भाऊ. १ मेच्या संध्याकाळी शाळेच्या पटांगणात कार्यक्रम करायचा ठरला होता. साऊंड लावायचा म्हणजे पोलिसांची परवानगी आली. परवानगीसाठी अर्ज आला. आणि अर्ज लिहायला मग इंजिनियर दादा आलाच!

सोबत गाण्यांची यादी जोडलेली बरी, असं कुणीतरी म्हणालं. यादीत नऊ गाणी होती. सातवं होतं टँकरचं. भातसा आणि तानसा ही धरणं आमच्याच शहापूर तालुक्यात आहेत, त्यांचं पाणी मुंबईला जातं, आणि एप्रिल-मे मध्ये याच तालुक्यातल्या पाड्यांवर टँकर येतो. तर गाण्यात टँकर आणि मुंबईला जाणारी पाईपलाईन यांची बाचाबाची आहे. पाईप म्हणतो, मला उशीर होतोय, मुंबईला तहान लागलीय. टँकर म्हणतो, मला कसली घाई, हंडे काय कुठे पळून जातायत? चाल एकदम फक्कड. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हसून हसून पोट दुखलं होतं.

आणि यादी फेअर करताना ते गाणं मीच काढलं.

कुणी सांगितलं नव्हतं. पोलीस ठाण्यात अजून कुणी गेलंही नव्हतं. मला वाटलं, उगाच कुणाला सरकारविरोधी वाटायला नको, एका गाण्यापायी अख्खा कार्यक्रम अडकायला नको. भावाला सांगितलं तर तो एवढंच म्हणाला, "दादा, पण नाय कोन म्हनाला?"

मी उत्तर दिलं नाही. पण रात्री अंगणात पडल्या पडल्या मला एकदम लाइपझिग आठवलं.

म्हणजे काय, तर दोन वर्षांपूर्वी मी तीन महिने ऑनसाईट होतो, जर्मनीत, लाइपझिगला. तिथल्या टीममध्ये एक जण रिटायरमेंटला आलेला होता. बोलायचा कमी, कोड मात्र असा लिहायचा की रिव्ह्यूला काही उरायचं नाही. एका शुक्रवारी त्याने घरी जेवायला बोलावलं आणि जेवणानंतर एक जुनी तबकडी लावली. जाड आवाजाचा गायक, गिटार, मध्येच बासरी. मी विचारलं, हे कोण? तर म्हणाला, "हे अस्तित्वात नसलेले लोक आहेत."

मला वाटलं, जर्मन विनोद असेल. तो विनोद नव्हता.

बँडचं नाव रेन्फ्ट. क्लाउस येन्च नावाच्या पोराने १९५८ साली लाइपझिगमध्ये 'क्लाउस रेन्फ्ट कॉम्बो' काढला. रेन्फ्ट हे त्याच्या आईचं माहेरचं आडनाव. तेव्हा जर्मनीचे दोन तुकडे झालेले, आणि लाइपझिग पूर्व जर्मनीत, म्हणजे कम्युनिस्ट राजवटीत. १९६२ ला या बँडवर पहिली बंदी आली. मग त्याने 'बटलर्स' नावाने दुसरा बँड काढला. १९६५ ला त्याच्यावरही बंदी! त्या वर्षी लाइपझिगमधल्या बहुतेक बीट बँडना घरी बसवलं गेलं. ३१ ऑक्टोबर १९६५ ला तिथली पोरं याचा निषेध करायला रस्त्यावर उतरली, तर पोलीस पाण्याचे फवारे आणि कुत्री घेऊन आले. अडीचशेच्या वर पोरांना धरलं आणि त्यातल्या बऱ्याच जणांना सक्तीच्या कामाला कोळशाच्या खाणीवर पाठवलं. गुन्हा काय, तर आम्हाला आमचं संगीत हवंय म्हणाले.

इथपर्यंतची गोष्ट आपण ऐकलेल्या कुठल्याही हुकूमशाहीच्या गोष्टीसारखीच आहे. मला गंमत वाटली ती कागदपत्रांची. पूर्व जर्मनीत स्टेजवर वाजवायचं तर परवाना लागायचा. वादक लोक त्याला 'पापे' म्हणायचे, म्हणजे शब्दशः पुठ्ठा! सरकारी समितीसमोर वाजवून दाखवायचं, गाण्याचे शब्द दाखवायचे, मग समिती तुमची श्रेणी ठरवणार आणि त्या श्रेणीवर तुमचं मानधन ठरणार. थोडक्यात अप्रेझलच. शिवाय १९५८ पासून नियम होता की कार्यक्रमातलं किमान ६० टक्के संगीत समाजवादी देशांतलं हवं, पाश्चात्त्य फार तर ४० टक्के. म्हणजे नाचायला आलेल्या पोरांनी गाणी मोजत बसायचं.

१९७१ ला होनेकर सत्तेवर आला आणि जरा सैल झालं. रेन्फ्ट पुन्हा जोरात आला. अमिगा या सरकारी कंपनीने १९७३ आणि १९७४ अशा लागोपाठ दोन तबकड्या काढल्या. गेरुल्फ पानाख हा गीतकार, आणि तो लिहायचा आजूबाजूचं. एका गाण्यातला छोटा ऑटो देश सोडून हँबुर्गला जाऊ बघतो. दुसऱ्या गाण्यात सक्तीच्या सैन्यभरतीबद्दल प्रश्न होता. सरकारला झोंबायचं ते झोंबलंच.

२२ सप्टेंबर १९७५. परवान्याच्या नूतनीकरणासाठी बँड समितीसमोर गेला. वाद्यं लावायच्या आधीच त्यांना सांगण्यात आलं की तुमच्या गाण्यांत कामगारवर्गाचा अपमान आहे, राज्याची बदनामी आहे, तेव्हा तुम्ही वाजवू नका. येन्चने विचारलं, म्हणजे आमच्यावर बंदी घातली का? त्यावर अध्यक्ष बाईंनी जे सांगितलं त्याचा अर्थ असा: बंदी आहे असं आम्ही म्हटलेलं नाही, तुम्ही आता अस्तित्वात नाही असं म्हटलंय.

आपल्या भाषेत सांगायचं तर 'अ‍ॅक्सेस डिनाईड' नाही, थेट 'युजर नॉट फाउंड'!

आणि मग खरोखरच तसं झालं. रेडिओवरून गाणी गायब, दुकानांतून तबकड्या गायब. येन्च १९७६ मध्ये पश्चिम बर्लिनला निघून गेला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये वोल्फ बीअरमान या गायकाचं नागरिकत्व सरकारने काढून घेतलं. त्याचा निषेध केला म्हणून पानाख आणि बँडमधला क्रिस्टियान कुनर्ट तुरुंगात गेले, नऊ महिने आत राहिले, आणि ऑगस्ट १९७७ मध्ये त्यांना देशाबाहेर काढलं गेलं. भिंत पडल्यावर १९९० मध्ये बँड पुन्हा एकत्र आला. येन्च २००६ मध्ये वारला.

माझा तो सहकारी १९७५ मध्ये पंधरा वर्षांचा होता. मी त्याला विचारलं, तुम्ही लोकांनी काय केलं? तो म्हणाला, "काही नाही. तबकडी कपाटात मागे ठेवली. पुढे ठेवू नको असं कुणी सांगितलं नव्हतं."

त्या अंगणातल्या रात्री आठवलं ते नेमकं हे वाक्य.

आता तुम्ही म्हणाल, ती कम्युनिस्ट राजवट, तिचं आपल्याला काय? आपल्याकडे लोकशाही आहे, कलम १९ आहे. मान्य. मीही तेच म्हणायचो. पण लाइपझिगहून परत आल्यावर मी जरा आपल्याकडचं वाचायला लागलो. आणि ते निघालं माझ्याच लोकलच्या वाटेवर.

आसनगावच्या अलीकडे वाशिंद, खडवली आणि मग टिटवाळा. टिटवाळा म्हटलं की आपल्याला गणपती आणि मंगळवारची गर्दी आठवते. जानेवारी १९४५ मध्ये याच टिटवाळ्याला महाराष्ट्रातल्या किसान सभेचं पहिलं अधिवेशन भरलं होतं. त्याला तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातले वारली आले होते, आणि त्यानंतर वारल्यांचा वेठबिगारीविरुद्धचा लढा पेटला. गोदावरी परुळेकरांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' मध्ये तो सगळा इतिहास आहे. हेच दिवस लाल बावटा कलापथकाचे. शाहीर अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर या तिघांनी १९४४ मध्ये ते उभं केलं. गिरणगावातल्या चाळी, गावोगावच्या सभा, जिथे माणसं जमतील तिथे पोवाडे, गाणी, तमाशा. विषय एकच, कष्टकऱ्याचं जगणं. आजच्या भाषेत तो काळातला सगळ्यात गाजणारा बँड होता, आणि तोही बिनमाईकचा!

मग स्वातंत्र्य आलं. मुंबई राज्यात बाळासाहेब खेर यांचं सरकार, मोरारजी देसाई गृहमंत्री. आणि स्वातंत्र्यानंतरच्या त्या पहिल्या वर्षांत काय झालं? अश्लीलतेचं कारण देऊन तमाशावर बंदी आली, आणि लाल बावटा कलापथकाच्या कार्यक्रमांवरही बंदी आली. इंग्रजांच्या राज्यात गाणारे लोक स्वतःच्या राज्यात गप्प केले गेले.

अण्णाभाऊंनी यावर जी युक्ती काढली ती मला फार आवडते. तमाशावर बंदी आहे ना? मग आम्ही करतो ते 'लोकनाट्य'. साचा तमाशाचा, पण गणात गणपतीऐवजी मातृभूमीला आणि कष्टकऱ्यांना वंदन, गौळणीला फाटा, आणि वगात थेट सावकार, गिरणीमालक, पुढारी. नाव बदललं आणि खेळ चालू राहिला. सिस्टीमने एक कीवर्ड ब्लॉक केला की आपण व्हेरिएबलचं नाव बदलतो, तसंच हे. पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात याच शाहिरांनी मैदानं दणाणून सोडली आणि १ मे १९६० ला आपल्याला हे राज्य मिळालं. म्हणजे ज्या दिवसाचा कार्यक्रम आमची पोरं करणार होती, त्या दिवसावर या बंदी घातलेल्या बँडचं मोठं देणं आहे.

आता जरा अवघड मुद्दा. आमच्या ऑफिसच्या कँटीनमध्ये मी या दोन्ही गोष्टी सांगितल्या. टीममध्ये दोन टोकांचे दोन मित्र आहेत. रेन्फ्टची गोष्ट ऐकून एक जण खूष झाला: "बघ, तुझे कम्युनिस्ट असे!" लाल बावट्याची ऐकून दुसरा खूष झाला: "बघ, तुझं सरकार असं!" प्रत्येकाने आपल्या सोयीची अर्धी गोष्ट उचलली आणि चहा संपवला. कबीर कला मंचाच्या शाहिरांना २०११ नंतर अटका झाल्या तेव्हाचे वाद मी वाचलेत, त्यातही हेच दिसतं. गाणं ऐकून मत देणारे थोडे, गाणारा कुठल्या बाजूचा हे बघून मत देणारे जास्त.

मला वाटतं, खरा प्रकार या दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्यावरच दिसतो. लाल झेंड्याच्या राज्यात कामगारवर्गाचा अपमान म्हणून गाणं बंद. लाल झेंड्याच्या विरोधातल्या राज्यात लाल झेंडा म्हणून गाणं बंद. खुर्चीतल्या माणसाचा रंग बदलला, वाक्य तेच.

अण्णाभाऊ १९६१ मध्ये रशियाला जाऊन आले. त्यांनी त्यावर 'माझा रशियाचा प्रवास' लिहिलं, आणि भारावून लिहिलं. चिरागनगरच्या झोपडीत राहून लिहिणाऱ्या माणसाला कष्टकऱ्यांच्या नावाने चालणारा देश बघून काय वाटलं असेल हे मी समजू शकतो. पण त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बर्लिनमध्ये भिंत उभी राहिली आणि लाइपझिगमध्ये पोरांच्या गिटारी मोजल्या जात होत्या. अण्णाभाऊ १९६९ मध्ये गेले, रेन्फ्टचा निकाल लागला १९७५ मध्ये. ते असते तर कोणाच्या बाजूने बोलले असते? मला खात्री देता येत नाही. आणि हे मी त्यांच्यावर टीका म्हणून लिहीत नाहीये. आपल्या माणसांनी घातलेली बंदी आपल्याला बंदी वाटत नाही, ही आपल्या सगळ्यांचीच अडचण आहे.

विलास घोगरे यांचं उदाहरण घ्या. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसं गेली आणि चार दिवसांनी या शाहिराने स्वतःचं जीवन संपवलं. आनंद पटवर्धन यांच्या 'जय भीम कॉम्रेड' या २०११ च्या माहितीपटात त्यांची कहाणी आहे. त्यात कळतं की त्यांना त्यांच्याच डाव्या गटाने आधी बाहेर काढलं होतं. म्हणजे पुठ्ठा काही फक्त सरकारच देतं असं नाही.

तुम्ही म्हणाल, हा सगळा जुना इतिहास झाला. काही अंशी खरं आहे. इंग्रजांनी १८७६ साली केलेला नाट्यप्रयोग कायदा आपल्या पुस्तकांतून २०१८ मध्ये एकदाचा गेला. एकशे चाळीसच्या वर वर्षं! पण नाटकाची संहिता आधी सरकारी परिनिरीक्षण मंडळाला दाखवायची ही पद्धत आपल्याकडे भिंत पडल्यानंतरही चालूच राहिली. 'सखाराम बाइंडर' १९७२ मध्ये अडकलं तेव्हा कमलाकर सारंग कोर्टात गेले आणि जिंकले. २०१६ मध्ये अमोल पालेकर यांनी या पूर्वपरवानगीलाच मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिलं. म्हणजे प्रश्न १९४८ मध्ये संपलेला नाही.

मग काहीच नियम नकोत का? असं मी म्हणत नाहीये. रात्री दहा ते सकाळी सहा लाऊडस्पीकर बंद, हा २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांतला नियम मला शंभर टक्के पटतो. गावात कुणाची दहावी असते, कुणाचं आजारपण असतं. आवाज किती, किती वाजेपर्यंत, पटांगण कुणाचं, गर्दी किती, हे सरकारने जरूर विचारावं. काय गाणार, हे विचारू नये. गाण्याने कुणाची बदनामी झाली, कुणी मारामारीला चिथावलं, तर नंतर कोर्ट आहे. आधी यादी कशाला? डेसिबल मोजायचं यंत्र मिळतं, अर्थ मोजायचं यंत्र कुठल्याच ठाण्यात नाही.

आणि दुसरी गोष्ट आपल्यासाठी, म्हणजे माझ्यासारख्या शिकलेल्या, अर्ज लिहू शकणाऱ्या लोकांसाठी. कुणी विचारलं नसेल तर आपणहून सांगू नका. लाइपझिगला एक समिती लागली, मुंबईला गृहखातं लागलं. आमच्या गावात कुणीच लागलं नाही, एक लॅपटॉप आणि एक काळजीवाहू दादा पुरला. मी ते चांगल्या मनाने केलं, पोरं अडचणीत येऊ नयेत म्हणून केलं. पण गाणं बंद झालं ते झालंच. आणि सगळ्यात वाईट म्हणजे त्याची कुठे नोंदही नाही. रेन्फ्टला निदान तारीख तरी आहे. लाल बावट्याच्या बंदीवर आज लेख लिहिता येतात. यादीतून गेलेल्या सातव्या गाण्याची फाईल कुठे शोधणार?

अण्णाभाऊंवर २००२ मध्ये टपाल तिकीट निघालं. २०२२ मध्ये मॉस्कोत त्यांचा पुतळा बसला आणि त्याच्या अनावरणाला महाराष्ट्राचे उपमुख्यमंत्री गेले होते. छान झालं, व्हायलाच हवं होतं. पण शाहीर गेल्यावर तिकीट काढणं सोपं असतं. तिकिटावरचा माणूस टँकरबद्दल काही बोलत नाही.

१ मेचा कार्यक्रम झाला. परवानगी दोन दिवसांत मिळाली. अर्ज घेणाऱ्या साहेबांनी पहिला कागद वाचला, तारीख-वेळ बघितली, "दहाच्या आत आवरा" म्हणाले आणि शिक्का मारला. मागची यादी त्यांनी उलटूनही पाहिली नाही! कार्यक्रम साडेनऊला संपला. लोक उठायला लागले तर पुढे बसलेली एक म्हातारी माझ्या भावाला म्हणाली, "आन त्या टँकरचा गाना रं? त्यासाठी आलेलो ना आमी."

भावाने माझ्याकडे बघितलं. मी वायर गुंडाळायला लागलो.

१ ऑगस्टला अण्णाभाऊंची जयंती आहे. पोरं पुन्हा कार्यक्रम करतायत, अर्ज पुन्हा मीच लिहिणार. या वेळी त्यात तारीख, वेळ, जागा, स्पीकर किती, एवढंच असेल. यादी जोडणार नाही. मागितलीच, तर टँकरचं गाणं पहिल्या नंबरवर लिहिणार आहे.